दम्यावरचे 'नैसर्गिक' उपाय आणि त्यांची परीक्षा

मृग नक्षत्राच्या सुरुवातीला, म्हणजे जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, हैदराबादमध्ये दम्याच्या रुग्णांची मोठी गर्दी जमते. मरळ जातीच्या लहानशा जिवंत माशाच्या तोंडात पिवळसर औषधाची गोळी भरून तो मासा रुग्णाला गिळायला देतात. महाराष्ट्रातूनही अनेक कुटुंबे मुलांना घेऊन तेथे जातात. हे औषध सलग तीन वर्षे घ्यावयाचे असते. त्यात काय असते हे ते देणारे कुटुंब सांगत नाही, आणि त्याची रीतसर तुलनात्मक चाचणीही झालेली नाही. तरीही 'आमच्या मुलाला गुण आला' असे सांगणारी माणसे आपल्या परिचयात असतात आणि ती खोटे बोलत नसतात. मग त्यांना आलेला गुण कशाचा?

हा प्रश्न केवळ माशाच्या औषधापुरता नाही. मध, हळद, अडुळसा, प्राणायाम, ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या, दही-केळी बंद करणे या सर्वांना तो लागू आहे. यांतील काहींत तथ्य आहे, काहींत नाही, आणि एखाददुसऱ्यात धोका आहे. त्यांची निवड करण्यासाठी आधी दम्यात नेमके काय होते हे पाहू.

श्वासनलिकेत काय घडते?

नाकातोंडातून आत गेलेली हवा श्वासनलिकेच्या फाट्याफाट्यांतून फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत पोचते. या नलिकांच्या भिंतीत स्नायूंचे वेढे असतात. दम्याच्या रुग्णात भिंतीचे आतले अस्तर दीर्घकाळ दाहग्रस्त असते, म्हणजे सुजलेले आणि चटकन चिडणारे. धूर, धूळ, परागकण, थंड हवा, सर्दीचा विषाणू यांपैकी काहीही निमित्त झाले की स्नायूंचे वेढे आवळतात, सूज वाढते, चिकट कफ सुटतो आणि नलिका अरुंद होतात. श्वास सोडताना येणारा शिट्टीसारखा आवाज या अरुंद वाटेचा असतो.

नलिका थोडीशी अरुंद झाल्याने एवढा त्रास का व्हावा? याचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे. संथपणे वाहणाऱ्या प्रवाहाला नळीकडून होणारा विरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्रिज्या निम्मी झाली तर विरोध दुप्पट नव्हे, सोळापट होतो. त्रिज्या एक पंचमांशाने कमी झाली तरी विरोध जवळजवळ अडीचपट होतो. फुप्फुसातला प्रवाह सगळीकडे इतका संथ नसतो, त्यामुळे हे गणित तंतोतंत लागू पडत नाही, पण दिशा बरोबर दाखवते. वर्गात निरोगी मुलांना नाक धरून आधी जाड आणि मग बारीक स्ट्रॉमधून अर्धा मिनिट श्वास घ्यायला सांगावे. आपल्या दमेकरी मित्राला काय होते हे त्यांना दहा व्याख्यानांपेक्षा लवकर कळेल. (ज्या मुलाला दमा आहे त्याच्यावर मात्र हा प्रयोग करू नये.)

यावरून उपचाराच्या दोन बाजू स्पष्ट होतात. एक, आवळलेले स्नायू लगेच सैल करणे. दुसरी, अस्तराचा दाह रोजच्या रोज दाबून ठेवणे. पहिले काम सालब्युटामॉलसारखी औषधे काही मिनिटांत करतात. दुसरे काम श्वासावाटे घ्यावयाची स्टेरॉइडे करतात, पण त्याला काही दिवस ते आठवडे लागतात आणि रुग्णाला ते जाणवतही नाही. उपचारांतला सगळा घोटाळा येथेच सुरू होतो. जे औषध लगेच जाणवते ते 'खरे' वाटते, आणि जे मुकाट्याने जीव वाचवते ते टाळले जाते. केवळ सालब्युटामॉलवर भागवण्याची जुनी रीत आता प्रौढ आणि १२ वर्षांवरील मुलांसाठी योग्य मानली जात नाही. दम्यावरील आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने ती २०१९ मध्ये बाद केली.

गुण आला, पण कशाने?

दमा हा चढउतारांचा आजार आहे. तो ऋतूप्रमाणे बदलतो, घर बदलले तर बदलतो, आणि काहीही न करतासुद्धा कमी-जास्त होतो. माणूस नवा उपाय शोधायला निघतो तो त्रास शिखरावर असताना. शिखरानंतर उतार येणारच. तेवढ्यात जो उपाय हाती असतो त्याला त्या उताराचे श्रेय मिळते. लहान मुलांच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट आहे. बालपणी छातीत घरघर होणाऱ्या अनेक मुलांचा त्रास वाढत्या वयाबरोबर आपोआप कमी होतो. आता 'सलग तीन वर्षे' या अटीकडे पुन्हा पाहा. आठव्या वर्षी औषध सुरू केलेले मूल अकरा वर्षांचे होईपर्यंत त्याच्या शरीरातच पुष्कळ काही बदललेले असते.

दुसरे कारण याहून विलक्षण आहे. अमेरिकेतील बोस्टन येथे एक प्रयोग झाला आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. दम्याच्या ३९ रुग्णांवर आळीपाळीने चार गोष्टी केल्या गेल्या: सालब्युटामॉलचा खरा फवारा, औषध नसलेला बनावट फवारा, सुया न टोचता केलेले नाटकी ॲक्युपंक्चर आणि काहीच न करणे. प्रत्येक वेळी दोन गोष्टी मोजल्या. पहिल्या एका सेकंदात रुग्ण किती हवा जोराने बाहेर टाकतो हे यंत्राने मोजले, आणि 'तुम्हाला किती बरे वाटले?' हे रुग्णाला विचारले.

रुग्णांच्या उत्तरांत खरा फवारा (५० टक्के सुधारणा), बनावट फवारा (४५ टक्के) आणि नाटकी ॲक्युपंक्चर (४६ टक्के) जवळजवळ सारखेच ठरले. काहीच न केल्यावर मात्र २१ टक्केच. यंत्राचे म्हणणे वेगळे होते. खऱ्या औषधाने हवेचे प्रमाण २० टक्क्यांनी वाढले, उरलेल्या तिन्ही प्रकारांत फक्त ७ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे बनावट उपचाराने रुग्णाला मनापासून बरे वाटले, पण त्याची श्वासनलिका होती तशीच अरुंद राहिली. डोकेदुखीत 'बरे वाटणे' आणि 'बरे होणे' यांत फार अंतर नसते. दम्यात ते अंतर जीवघेणे ठरू शकते, कारण बरे वाटलेला रुग्ण दवाखान्यात उशिरा पोचतो.

म्हणून कोणत्याही उपायाबद्दल आम्ही दोनच गोष्टी विचारतो: कशाशी तुलना करून पाहिले, आणि काय मोजले? उपाय नैसर्गिक आहे की कारखान्यातला, हा प्रश्न त्यानंतरचा.

वनस्पतींचे देणे

किंबहुना तो प्रश्न फारसा अर्थपूर्णही नाही, कारण दम्याची अनेक औषधे वनस्पतींच्याच वंशातली आहेत. धोतऱ्याचा धूर ओढण्याची भारतीय रीत १८०२ च्या सुमारास मद्रासहून इंग्लंडात गेली आणि पुढे शंभरावर वर्षे तेथे 'दम्याच्या सिगारेटी' विकल्या जात होत्या. धोतऱ्यातील ॲट्रोपीन खरोखरच श्वासनलिका सैल करते. पण ते हृदय, डोळे आणि मेंदूवरही परिणाम करते, आणि झाडागणिक त्याचे प्रमाण बदलते. रसायनतज्ज्ञांनी त्या रेणूत असा फेरफार केला की तो फुप्फुसातून रक्तात फारसा उतरत नाही. त्यातून इप्राट्रोपियम हे औषध मिळाले. ते आजही तीव्र झटक्यात वापरले जाते. धोतरा मात्र विषच आहे आणि तो घरी वापरण्याचा विचारही करू नये.

इंग्लंडमधील डॉ. हाइड सॉल्टर यांनी १८६० साली दम्यावर लिहिलेल्या ग्रंथात कडक काळ्या कॉफीची शिफारस केली होती. १८८८ मध्ये आल्ब्रेख्ट कोसेल या जर्मन शास्त्रज्ञाला चहाच्या पानांत थिओफायलीन सापडले आणि त्याचे पुढे औषध झाले. कॉफीतील कॅफीन त्याचाच भाऊबंद. ते श्वासनलिका थोड्या प्रमाणात सैल करते आणि हा परिणाम चार तासांपर्यंत टिकू शकतो. म्हणूनच फुप्फुसाच्या चाचणीआधी कॉफी पिऊ नका असे सांगतात. पण झटका आलेल्या मुलाला कॉफी पाजत बसणे म्हणजे आग लागल्यावर तांब्याने पाणी मारणे आहे.

इजिप्तमध्ये पोटदुखी-मुतखड्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका वनस्पतीतील खेलीन या द्रव्यापासून सोडियम क्रोमोग्लायकेट तयार झाले. त्यामागची कथा सांगण्याजोगी आहे. डॉ. रॉजर अल्तुन्यान यांना स्वतःला दमा होता. दरवेळी एक नवा रेणू हुंगून, मग ज्याची आपल्याला ॲलर्जी आहे त्या गिनीपिगच्या केसकोंड्याचा अर्क श्वासात ओढून ते मुद्दाम दम्याचा झटका आणत आणि तो किती सौम्य झाला हे मोजत. अनेक वर्षांच्या अशा प्रयोगांतून १९६५ मध्ये हे द्रव्य हाती आले.

आपल्या अडुळशाचेही असेच आहे. त्यातील व्हासिसीन या द्रव्यावरून ब्रोमहेक्झीन हे कफ पातळ करणारे औषध घडवले गेले. खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांवर ते नाव वाचायला मिळते. पण कफ पातळ होणे हे दाह कमी होण्यासारखे नाही, त्यामुळे अडुळसा किंवा ब्रोमहेक्झीन यांना दम्याचे मुख्य औषध म्हणता येत नाही. हळदीतील कर्क्युमीन प्रयोगशाळेतल्या पेशींमधला दाह कमी करते हे खरे, पण पोटात घेतलेल्या कर्क्युमीनपैकी फारच थोडे रक्तात पोचते. हळदीचे दूध घशाला बरे वाटते म्हणून खुशाल प्यावे. ते दम्याचे औषध मानू नये.

ताटातले पथ्य

दमा असलेल्या मुलाच्या घरी बहुधा सगळ्यात आधी ताटावर बंदी येते. दही, ताक, केळी, पेरू, संत्री, कधी कधी दूध आणि भातसुद्धा 'कफकारक' म्हणून बंद होतात. खऱ्या अन्न-ॲलर्जीचा प्रकार असतो. तो दूध, अंडी, शेंगदाणे, मासे अशा पदार्थांनी होतो, आणि त्यात बहुतेक वेळा अंगावर गांधी, ओठांना सूज, उलट्या अशी इतर लक्षणेही दिसतात. अन्नाने फक्त दमा होतो आणि दुसरे काहीच होत नाही, असे क्वचितच घडते. विशिष्ट पदार्थ खाल्ल्यावर दरवेळी त्रास होतो अशी लेखी नोंद असेल तर तो पदार्थ डॉक्टरांच्या सल्ल्याने जरूर टाळावा. पण अंदाजाने आठ-दहा पदार्थ तोडणे म्हणजे वाढत्या वयाच्या मुलाची प्रथिने, कॅल्शियम आणि फळे तोडणे होय.

आणि फळे तोडण्याने नेमके उलटे होण्याची शक्यता आहे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहा. दमा असलेल्या १३७ प्रौढांचे दोन गट केले. एका गटाने रोज भाज्यांचे पाच आणि फळांचे दोन वाढप खाल्ले, दुसऱ्याने भाज्यांचे जास्तीत जास्त दोन आणि फळांचे एक. पुढील काही आठवड्यांत कमी भाजी-फळे खाणाऱ्यांचा दमा उसळण्याची शक्यता दुसऱ्या गटाच्या २.२६ पट आढळली. कमी खाणाऱ्यांपैकी काहींना टोमॅटोचा अर्क, म्हणजे लायकोपीनच्या गोळ्या, देऊन पाहिल्या. त्यांचा उपयोग झाला नाही. फळभाज्यांमधले 'गुणकारी द्रव्य' वेगळे काढून गोळीत भरले की गुण हरवतो, हा अनुभव पोषणशास्त्रात पुन्हा पुन्हा येतो.

ड जीवनसत्त्वाची कथा अधिक शिकवणारी आहे. दम्याच्या अनेक रुग्णांत या जीवनसत्त्वाची पातळी कमी आढळते. २०१६ मध्ये तोवरच्या चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा ते दिल्याने तीव्र झटके कमी होतात असे दिसले. मग मोठ्या चाचण्या झाल्या. त्यांपैकी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत दमा असलेली आणि ड जीवनसत्त्व कमी असलेली १९२ मुले होती. ४८ आठवड्यांपर्यंत रोज ४००० एकक मात्रा देऊनही झटके कमी झाले नाहीत. २०२३ मध्ये तोच आढावा नव्या आकड्यांसह पुन्हा काढला, तेव्हा पहिला निष्कर्ष टिकला नाही. एखाद्या मुलात कमतरता असेल तर हाडांसाठी ती भरून काढावी. दम्यासाठी मोठ्या मात्रा देण्याला मात्र आज आधार नाही.

दोन गोष्टी मात्र ठामपणे सांगता येतात. स्थूल रुग्णाचे वजन उतरले तर दमा सुधारतो, आणि ही सुधारणा यंत्रावर मोजता येते. दुसरी, सल्फाइटे. सरबत टिकवण्यासाठी आपण 'केएमएस' म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट वापरतो. आम्लात मिसळताच त्यातून सल्फर डायऑक्साइड वायू सुटतो आणि दम्याच्या काही रुग्णांत त्याने श्वासनलिका आवळते. बाटलीबंद सरबते आणि भडक केशरी रंगाचे जर्दाळू यांच्या वेष्टनावर २२० ते २२८ या क्रमांकांपैकी एखादा छापलेला असेल तर ते सल्फाइट आहे. घरात केलेल्या दह्यावर बंदी आणि बाटलीतल्या सरबताला मोकळीक, हे आपले नेहमीचे पथ्य यामुळे उफराटे ठरते.

प्राणायामाची दोनदा घेतलेली परीक्षा

प्राणायामाबाबत चाचणी कशी करणार? बनावट गोळी देता येते, पण बनावट प्राणायाम कसा द्यायचा? ही अडचण १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने चतुराईने सोडवली. जयपूरच्या टोपणनावावरून 'पिंक सिटी' असे नाव दिलेले एक छोटे उपकरण त्यात वापरले. त्यातून श्वास घेताना तो आपोआप संथ होतो आणि उच्छ्वासाला श्वासाच्या दुप्पट वेळ लागतो. दिसायला अगदी तसेच, पण असे कोणतेही बंधन न घालणारे दुसरे उपकरण तुलनेसाठी केले. सौम्य दमा असलेल्या १८ जणांनी दोन्ही उपकरणे प्रत्येकी दोन आठवडे, रोज दोनदा, पंधरा मिनिटे वापरली. प्राणायामाच्या उपकरणानंतर श्वासनलिकांचा चिडखोरपणा थोडा घटलेला आढळला.

आपल्याकडे या निष्कर्षाचा पुष्कळ गाजावाजा झाला. त्यानंतर काय झाले ते फारसे सांगितले जात नाही. त्यातल्याच एका संशोधकाच्या गटाने ९० रुग्णांवर सहा महिन्यांची मोठी चाचणी केली आणि ती २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. या वेळी त्या उपकरणाचा फायदा दिसला नाही. त्याच चाचणीत तपासलेल्या बुटेको या रशियन श्वसनपद्धतीने रुग्णांची लक्षणे आणि तात्पुरत्या फवाऱ्याचा वापर कमी झाला, पण फुप्फुसाची क्षमता आणि चिडखोरपणा बदलला नाही. आपलाच जुना निष्कर्ष मोठ्या चाचणीत पुन्हा तपासून तो टिकला नाही हे छापणाऱ्या त्या संशोधकांबद्दल आम्हांला आदर वाटतो.

तेव्हा संथ श्वसन, योगासने, प्राणायाम जरूर करावा. घाबरून उथळ आणि भराभर श्वास घेण्याची सवय त्याने मोडते आणि जगणे सुसह्य होते. पण सुजलेले अस्तर त्याने उतरत नाही. 'सोबत' आणि 'ऐवजी' या दोन शब्दांतला फरक येथे प्राणाशी निगडित आहे.

'ऐवजी'ची किंमत

२०१९ च्या जागतिक अंदाजानुसार दम्याच्या जगभरातील रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे ४२ टक्के भारतात होतात. याचे एक मोठे कारण म्हणजे श्वासावाटे घ्यावयाच्या स्टेरॉइडचा अपुरा वापर. कॅनडातील सस्कॅचवान प्रांताच्या नोंदींवरून २००० मध्ये असे दिसले की वर्षभरात या औषधाचा प्रत्येक जादा डबा वापरल्यागणिक मृत्यूची शक्यता सुमारे २१ टक्क्यांनी घटते. औषध सोडल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत मृत्यूचे प्रमाण ते चालू ठेवणाऱ्यांपेक्षा अधिक होते. नव्या 'नैसर्गिक' उपायावर विश्वास ठेवून पंप कपाटात टाकला जातो तोच हा काळ.

पालकांना स्टेरॉइडची भीती वाटते आणि ती अगदी निराधार नाही. दमा असलेल्या अमेरिकन मुलांचा प्रौढ वयापर्यंत पाठपुरावा केला तेव्हा अनेक वर्षे ब्युडेसोनाइड घेतलेल्यांची उंची सरासरीने १.२ सेंटिमीटर कमी भरली. हे पालकांपासून लपवू नये. पण मात्रेचे गणितही त्यांच्यासमोर मांडावे. फवाऱ्याची एक मात्रा १०० ते २०० मायक्रोग्रॅम असते. झटका आल्यावर तोंडाने द्यावी लागणारी प्रेडनिसोलोनची मात्रा असते २० ते ४० मिलिग्रॅम, म्हणजे वजनाने शंभर-दोनशेपट, आणि ती सबंध शरीरात फिरते. दोन्ही रेणू वेगळे असल्याने केवळ वजनाची तुलना अपुरी आहे, तरी अंदाज येतो. वरचेवर झटके येऊ देणे म्हणजे अधिक स्टेरॉइड घेणे. आणखी एक इशारा: 'जडीबुटी' म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांच्या तपासणीत मिसळलेली स्टेरॉइडे सापडल्याचे संशोधकांनी नोंदवले आहे. एखाद्या पुडीने दोन दिवसांत जादू झाली तर आधी संशय घ्यावा.

खरोखर नैसर्गिक म्हणावा असा एक उपाय मात्र घरात आणि शाळेत फुकट उपलब्ध आहे: हवा स्वच्छ ठेवणे. चुलीचा, बिडी-सिगारेटचा, डासांच्या अगरबत्तीचा आणि शाळेमागे जाळल्या जाणाऱ्या पाचोळ्याचा धूर थांबवावा. फळा ओल्या फडक्याने पुसावा आणि वर्ग झाडण्याआधी मुलांना बाहेर काढावे.

तरीही कवायतीच्या तासाला एखाद्या मुलाला झटका आलाच, तर त्याला सरळ बसवावे, थोडेसे पुढे झुकू द्यावे. आडवे करू नये. त्याचा स्वतःचा सालब्युटामॉलचा फवारा, बहुधा निळ्या रंगाचा, स्पेसरमधून द्यावा: एका वेळी एक फवारा, त्यावर चार श्वास, असे चार फवारे. चार मिनिटे थांबून गरज वाटल्यास पुन्हा चार. स्पेसर नसेल तर पाण्याची ५०० मिलिलिटरची प्लॅस्टिक बाटली चालते. बुडाला फवाऱ्याच्या तोंडाच्या मापाचे छिद्र पाडून फवारा त्यात घट्ट बसवायचा, बाजूची फट बंद करायची आणि मुलाने बाटलीच्या तोंडाला ओठ लावून श्वास घ्यायचा. दक्षिण आफ्रिकेत मुलांवर झालेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशी बाटली विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी ठरली. ती आधी साबणाच्या पाण्याने धुऊन, न पुसता वाळवावी. त्यामुळे स्थिर विद्युत कमी होते आणि औषध भिंतीला चिकटत नाही. पालकांची लेखी संमती आणि मुलाचा फवारा कोठे असतो याची नोंद वर्षाच्या सुरुवातीलाच घेऊन ठेवावी.

मुलाला एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा दुसऱ्या वेळच्या चार फवाऱ्यांनंतरही आराम नसेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत फवारे चालू ठेवावेत. अशा वेळी छातीतली शिट्टी अचानक थांबली आणि मूल मलूल झाले, तर त्याला आराम पडला असे समजू नये. शिट्टी वाजायलाही हवा लागते.